वादळी मुलखांत छपराचा ठेकेदार कसा निवडावा

शेतीच्या मासिकांत छपराचा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु कोंकणपट्टींतील शेतकऱ्याच्या घराचें छप्पर हें केवळ माणसांच्या डोक्यावरील आच्छादन नव्हे. त्याच्याखालीं माळ्यावर भाताचें बियाणें असतें, पडवींत सुपारी व नारळ असतात, गोठ्यांत गुरांचा वर्षाचा पेंढा असतो आणि पेटींत जमिनीचे दस्तऐवज असतात. छप्पर गेलें म्हणजे हें सर्व एका रात्रींत भिजतें. बियाणें गेलें तर हंगाम गेला, पेंढा कुजला तर गुरें विकण्याची पाळी आली. सबब छपराचा विचार हा शेतीचाच विचार आहे असें समजून आम्ही हा मजकूर लिहीत आहों.

११ नोव्हेंबर २००९ रोजीं फयान हें वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, आणि श्रीवर्धन, म्हसळें, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत सुपारीच्या व नारळाच्या बागा आडव्या झाल्या. पुढल्याच वर्षीं मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेकडेनें उत्तरेस सरकत जाऊन १७ मेच्या रात्रीं गुजराथेंत जमिनीवर चढलें. तें कोंकणांत उतरलें नाहीं, तरी जातां जातां त्यानें आंब्याच्या बागांची व घरांवरील कौलांची नासाडी केलीच. अरबी समुद्रांतील वादळें बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळा सरल्यावर होतात. म्हणजे एक पाळी पेरणीची व दुसरी कापणीची. दोन्ही वेळीं शेतकऱ्यास सवड नसते, मजूर मिळत नाहींत, आणि घाईंत सांपडलेल्या माणसास फसविणें सर्वांत सोपें असतें.

निसर्ग वादळ झालें त्या सालीं आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. पंचनाम्यांचे कागद आमच्या टेबलावरून जात, व कांहीं गांवीं प्रत्यक्ष जाण्याचाही प्रसंग आला. घरांचे तपशील वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत आली. एकाच वाडींत, एकाच वाऱ्यांत, लगतच्या दोन घरांपैकीं एकाचे सर्व पत्रे उडून दोन शेतांपलीकडे पडलेले, आणि दुसऱ्याचीं कडेचीं चार कौलें तेवढीं निसटलेलीं, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं होता. वारा दोघांस सारखाच होता. फरक होता तो काम करणाराच्या हातांत. त्या हाताची पारख आधीं कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे.

पारख करावयाची तर वारा छप्पर कसें नेतो हें प्रथम समजलें पाहिजे. कारण ज्यास हें ठाऊक नाहीं त्यास ठेकेदाराचें उत्तर खरें कीं खोटें हें कळणार नाहीं. वारा छपरावर आदळून तें खालीं दाबतो व मोडतो अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः छपराच्या पाठीवरून वेगानें जाणारा वारा तें वर ओढतो. ही ओढ मध्यभागीं कमी, आणि कडांना, म्हणजे वळचण, आढें, व त्रिकोणी भिंतीकडील बाजू येथें सर्वांत जास्त असते. वळचणीखालीं शिरलेला वारा खालून वर ढकलतो तो निराळाच. त्यांत वाऱ्याच्या तोंडचें एखादें दार किंवा खिडकी मोडली तर घरांत भरलेला वारा आंतून छपरास फुगवितो, आणि वरची ओढ व आंतला दाब हीं दोन्ही एका दिशेनें काम करूं लागतात. म्हणूनच दारांच्या कड्या व बिजागऱ्या मजबूत असणें हा देखील छपराच्या रक्षणाचाच भाग आहे.

वाऱ्याचा जोर वेगाच्या प्रमाणांत वाढत नाहीं, त्याहून फार झपाट्यानें वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून “नेहमींच्या पावसाळी वाऱ्यांत तर कांहीं झालें नाहीं” हें छप्पर मजबूत असल्याचें प्रमाण नव्हे. एक हिशेब करून पाहूं. घर ३० फूट लांब व २० फूट रुंद असून चारी बाजूंस २ फूट वळचण आहे असें धरा. छपराची जमिनीवरील छाया ३४ गुणिले २४, म्हणजे ८१६ चौरस फूट. दर दोन फुटांस एक फूट चढ धरल्यास तिरप्या अंगाचें क्षेत्र सुमारें ९१२ चौरस फूट, म्हणजे नऊ ब्रासच्या किंचित् वर, किंवा ८५ चौरस मीटर होतें. ताशीं १२० किलोमीटर वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरास सुमारें ६८ किलो असतो. तेवढीच ओढ सरासरीनें सर्व छपरावर धरली तर एकंदर ओढ ५,७८० किलो, म्हणजे जवळ जवळ पावणेसहा टन झाली. आणि त्या छपरावरील जस्ती पत्र्यांचें वजन किती? चौरस मीटरास ५ किलो धरल्यास अवघें सव्वाचारशें किलो. बाकीचा सर्व भार बोल्ट, खिळे व पट्ट्या यांवर आहे हें आतां वेगळें सांगावयास नको.

कौलारू छपराची गोष्ट थोडी निराळी आहे. मंगळुरी कौल दोन ते तीन किलो वजनाचें असून चौरस मीटरास तीं साधारण पंधरा लागतात. म्हणजे वजन चाळीस किलोच्या आसपास झालें. शिवाय कौलांच्या सांध्यांतून वारा कांहीं अंशीं आरपार जातो व दाब हलका होतो. त्यामुळें कौलारू छप्पर एकदम उचललें न जातां कडेच्या व आढ्याच्या कौलांपासून सुटूं लागतें. परंतु एकदां कड सुटली कीं वाऱ्यास शिरकाव मिळून मागची रांग जाते, व मग तिच्या मागची. मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला तेव्हांपासून हें कौल आपल्या किनाऱ्यावर रुळलें आहे; त्यास तार ओंवण्याकरितां ठेवलेली जागा असते, ती शोभेसाठीं नव्हे. वळचणीच्या दोन रांगा, आढ्याचीं कौलें व दोन्ही टोंकांच्या रांगा जस्ती किंवा तांब्याच्या तारेनें रिपेस बांधल्या पाहिजेत. हें काम शंभर घरांत पांच घरीं तरी केलेलें आढळतें कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. छप्पर म्हणजे एक साखळी आहे: पत्रा किंवा कौल रिपेस, रीप वाशास किंवा कैंचीस, कैंची भिंतीवरील तुळईस, आणि तुळई भिंतीस. यांपैकीं एक कडी कच्ची असली तर बाकीच्या पक्क्या असून उपयोग नाहीं. अलीकडे लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा वेल्डरकडून करून त्यावर पत्रे टाकण्याची चाल पडली आहे. पत्रे पाइपांस घट्ट, पाइप एकमेकांस वेल्डिंगनें घट्ट, परंतु सर्व सांगाडा जांभ्याच्या भिंतीवर नुसता ठेवलेला किंवा मातींत दोन विटा लावून अडविलेला, अशीं घरें आम्हीं पाहिलीं; आणि तीं छप्परें पत्र्यांसकट, पाइपांसकट, अखंड उचललीं जाऊन परसांत पालथीं पडलीं होतीं. मालकास विचारलें तर तो पाइप किती जाड होते हें अभिमानानें सांगे. ते भिंतीस कशानें धरले होते हें त्यानें कधीं विचारलेंच नव्हतें.

म्हणून ठेकेदारास “काम मजबूत करशील ना?” असें विचारूं नये. त्यास “होय” याखेरीज दुसरें उत्तर कोण देईल? त्याऐवजीं विचारावें, “कैंची भिंतीस कशानें बांधणार?” भिंतीच्या माथ्यावर सळया घालून काँक्रीटची पट्टी ओतीन व तींत बोल्ट किंवा लोखंडी पट्ट्या रोंवीन, असें उत्तर मिळाल्यास माणूस जाणता आहे. जुन्या भिंतीवर पट्टी ओततां येत नसेल, तर वाशांना वळसा घालणाऱ्या पट्ट्या भिंतींत दोन तीन फूट खालपर्यंत नेऊन धरीन, असें तो म्हणेल. “वजनानें बसतें, कांहीं होत नाहीं” असें म्हणणारास चहा पाजून निरोप द्यावा.

पुढचा प्रश्न भोकांचा. पन्हळी पत्र्यास भोक उंचवट्यावर पाडावयाचें असतें, खळग्यांत नव्हे. खळग्यांतून पाणी वाहतें व भोक कितीही बुजविलें तरी एका पावसाळ्यानंतर गळूं लागतें. बोल्टाखालीं जस्ती वायसर व त्याखालीं डांबरी किंवा रबरी वायसर असे दोन्ही पाहिजेत. कडेच्या सर्व ओळींत, म्हणजे वळचण, आढें व दोन टोंकें येथें, एक पन्हळ सोडून एक बोल्ट असावा. मधल्या ओळींत अंमळ विरळ चालतें. जो सर्व छपरावर सारख्याच अंतरानें बोल्ट मारतो त्यास ओढ कोठें जास्त असते हें माहीत नाहीं. पाइप वेढून येणारा वांकडा बोल्ट, ज्यास आपल्याकडे जे-बोल्ट म्हणतात, तो वर ओढला गेला तरी पाइप सोडीत नाहीं. यंत्रानें झटपट बसणारे स्क्रू वाईट नव्हेत, परंतु पाइप पातळ असेल तर स्क्रूचे आटे भोक मोठें करून निघून येतात. स्क्रूच वापरावयाचे असतील तर पाइपाची जाडी किती, हें त्यानें आपण होऊन सांगितलें पाहिजे. दोन पत्र्यांचा सांधा पावसाच्या मुख्य वाऱ्याकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडे, तोंड करून ठेवूं नये. अर्थात् चक्री वादळांत वारा दिशा पालटतो, म्हणून सांध्यावरही बोल्ट पाहिजेतच.

वळचणीविषयीं त्याचें मत काय हेंही पाहावें. आमच्या पावसास लांब वळचण हवी, नाहीं तर भिंती भिजतात. पण वळचण जितकी लांब तितकी वाऱ्याची पकड मोठी. जाणता कारागीर मुख्य छपराची वळचण दीड फुटाच्या आसपास ठेवून पडवीचें छप्पर निराळें, थोडें खालून घेतो, म्हणजे प्रसंगीं पडवी गेली तरी घर राहतें. फार सपाट छप्पर अधिक ओढलें जातें, हेंही त्यास ठाऊक असतें. आणि जागा असेल तर दुपाखी ऐवजीं चौपाखी करा, असें तो स्वतः सुचवितो.

असे प्रश्न विचारल्यानें चांगला कारागीर रागावत नाहीं. उलट खुलतो व आपणच विचारूं लागतो कीं, भिंत किती वर्षांची, चिरा मातींत बसविला आहे कीं चुन्यांत, घरावर झुकलेला माड किंवा आंबा आहे काय, समुद्राकडील बाजू कोणती. जो घर न पाहतां फोनवरच चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो, त्यानें घराचा विचार केलेला नाहीं एवढें निश्चित समजावें.

ज्ञानाची परीक्षा झाली तरी सचोटीची राहतेच. त्यासाठीं त्याचें जुनें काम पाहण्यासारखा उपाय नाहीं. मात्र तो दाखवील तें काम पाहूं नये. २०२० किंवा २०२१ पूर्वीं केलेलीं आपलीं सर्व छप्परें कोणत्या गांवीं आहेत हें विचारून घ्यावें, व त्यास बरोबर न घेतां दोन तीन ठिकाणीं जाऊन यावें. वादळांत काय गेलें, काय राहिलें, बोलाविल्यावर तो किती दिवसांनीं आला, उरलेलें सामान कोणी नेलें, हें मालकास विचारावें; आणि शक्य तर घरांतील बायकांसही विचारावें. पावसाळ्यांत कोठें कोठें पातेलीं मांडावीं लागतात हें पुरुषांपेक्षां त्यांस अधिक ठाऊक असतें.

आपल्याच तालुक्यांतील माणूस घ्यावा, असें आमचें मत आहे. आठवड्याच्या बाजारांत ज्याला तोंड दाखवावें लागतें तो सहसा तोंड लपविण्यासारखें काम करीत नाहीं, आणि एखादें कौल सरकलें तर तो सायकलवरून येऊनही बसवून देतो. परंतु गांवचा एवढेंच प्रमाणपत्र पुरेसें मानूं नये. सोयऱ्याधायऱ्यांतील मिस्त्री असला तर दर बोलण्याचा संकोच, कागद करण्याचा संकोच, आणि काम बिघडल्यावर तक्रारीचाही संकोच. असे संबंध तुटलेले आम्हीं कचेरींत बसून पुष्कळ पाहिले आहेत. नात्यांतल्या माणसाशीं तर कागद अगत्यानें करावा. तो अविश्वास नसून नातें राखण्याचा मार्ग आहे.

परगांवच्या टोळ्यांविषयीं मात्र स्पष्टच लिहिलें पाहिजे. निसर्ग वादळानंतर आठवड्याभरांत एका गांवीं टेंपो घेऊन कांहीं इसम आले. पत्रे आम्हीच आणतों, दर बाजारापेक्षां कमी, फक्त निम्मी रक्कम आगाऊ, असें त्यांचें बोलणें. पाऊस डोक्यावर होता. पुष्कळ घरांनीं उचल दिली. तीन घरांवर दोन दिवस काम झालें आणि तिसऱ्या दिवशीं टेंपोही नाहीं व माणसेंही नाहींत. गांवकरी कचेरींत आले तेव्हां त्यांच्याजवळ एक फोन नंबर होता, आणि तो बंद होता. ना पावती, ना पूर्ण नांव, ना गांव. तक्रार लिहावी तरी कोणाविरुद्ध? त्यांतील एका खातेदाराचें बियाण्याचें भात उघड्यावर भिजलें. त्यानें तें चुलीच्या उबेवर वाळवून पेरलें, तें उगवलें नाहीं, आणि ऐन हंगामांत उसनें बियाणें मागत फिरण्याची पाळी त्याच्यावर आली. गेलेल्या पैशांपेक्षां हें नुकसान मोठें होतें, पण पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यांत तें बसत नव्हतें.

अशा वेळीं संपूर्ण छप्पर तत्काळ झालेंच पाहिजे हा हट्ट सोडावा. जाड ताडपत्री व दोर आधींपासून घरांत असावेत. एक खोली निवडून ती पक्की झांकावी, बियाणें, कागदपत्र व सुकें धान्य तींत हलवावें, आणि पावसाळा तसाच काढण्याची वेळ आली तरी काढावी. छपराचें खरें काम भात मळून झाल्यावर, मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, करावें. तेव्हां मजूर मोकळे असतात, सामानाची ओढाताण नसते, लांकूड सुकलेलें असतें, आणि ठेकेदारास नको म्हणण्याची ताकद आपल्या अंगीं असते.

नुकसान झालेलें असल्यास दुरुस्तीस हात लावण्यापूर्वीं चारी बाजूंनीं व आंतून छायाचित्रें घ्यावीं, पंचनामा करून घेऊन त्याची प्रत मागावी, व घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना नंबर ८ चा उतारा काढून ठेवावा. पुष्कळांच्या घराची नोंद आजोबांच्या नांवावर असते व मदतीच्या वेळीं ती आड येते. ही दुरुस्ती वादळाची वाट न पाहतां आजच करण्यासारखी आहे.

दराविषयीं बोलावयाचें तर निदान तीन ठेकेदारांकडून लेखी अंदाज घ्यावे, पण तीनही एकाच मापावर घ्यावे. वरील घराचें छप्पर सव्वानऊ ब्रासांपेक्षां कमी असतां कोणी अकरा ब्रास लिहून आणलें, तर दर कमी दिसूनही रक्कम जास्त होते. म्हणून माप आपण स्वतः घेऊन तिघांस द्यावें. सर्वांत कमी अंदाज आला तर तो कोठें कमी झाला हें शोधावें; बहुतेक वेळां भिंतीस बांधण्याच्या पट्ट्या, कडेचे जादा बोल्ट आणि आढ्याची बांधणी, एवढीं तीन कामें त्यांतून गळालेलीं असतात, कारण तीं वर चढल्याशिवाय दिसत नाहींत.

सामान शक्य तों आपणच विकत घ्यावें व दुकानाचें पक्कें बिल आपल्या नांवावर करावें. जस्ती पत्र्यास भारतीय मानक क्रमांक २७७ लागू आहे. त्यांत २७५ या आंकड्याचा दर्जा म्हणजे दोन्ही अंगांस मिळून चौरस मीटरास २७५ ग्रॅम जस्त. १२० म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. खाऱ्या हवेंत हा फरक थोड्याच वर्षांत डोळ्यांस दिसतो. जाडी अंदाजानें न घेतां एक पत्रा तोलून पाहावा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर सपाट पत्र्याचें वजन सुमारें ४ किलो भरतें, व पन्हळी पत्रा त्याच क्षेत्रास थोडा अधिक भरतो. याहून बराच हलका भरल्यास दुकानदाराशीं बोलावें. मंगळुरी कौल, मानक क्रमांक ६५४, बोटानें वाजविल्यास खणखणीत वाजावें आणि दोन कौलें एकमेकांवर ठेवल्यास डुगडुगूं नयेत. खिळे, बोल्ट, वायसर यांत चार पैसे वांचविणें म्हणजे पागोरा चांगला घेऊन त्याची दोरी कुजकी घेण्यासारखें आहे.

आतां कराराविषयीं. हा आमच्या धंद्यांतला भाग असल्यामुळें थोडें विस्तारानें लिहितों. “सर्व काम चांगलें व मजबूत करून देईन” हें वाक्य ज्या करारांत आहे तो करार नसल्यासारखाच आहे. कारण मजबूत म्हणजे काय हें दोन पंच देखील एकमतानें सांगूं शकणार नाहींत. मोजतां येईल तें लिहावें. उदाहरणार्थ: “प्रत्येक कैंचीच्या दोन्ही टोंकांस लोखंडी पट्टी काँक्रीटच्या पट्टींत रोंवून नटबोल्टानें आवळावयाची. वळचण, आढें व दोन्ही टोंकें येथें एक पन्हळ सोडून एक जे-बोल्ट, दोन वायसरांसह. कामाचें माप काम पूर्ण झाल्यावर उभयतांसमक्ष घेऊन त्याप्रमाणें रक्कम. पहिल्या दोन पावसाळ्यांत गळती झाल्यास कळविल्यापासून आठ दिवसांत स्वखर्चानें दुरुस्ती. कामावरील माणसास इजा झाल्यास औषधोपचाराचा खर्च ठेकेदाराकडे. जुनें लांकूड, कौलें व पत्रे मालकाचे.” खालीं दोघांचीं पूर्ण नांवें, राहण्याचें गांव, ओळखपत्राची नक्कल, दोन साक्षीदार, आणि कामास सुरुवात व शेवट यांच्या तारखा. यास वकील लागत नाहीं. शाळेंत जाणारा मुलगाही लिहून काढील. योग्य मुद्रांकावर केल्यास अधिक चांगलें.

पैसे कामाच्या पुढें जाऊं देऊं नयेत, मागूनच जावेत. सामान आपलें असेल तर मजुरीपैकीं शेंकडा २० माणसें हजर होऊन काम सुरू झाल्यावर, ३० सांगाडा भिंतीस बांधून झाल्यावर, ४० छप्पर झांकून झाल्यावर, व शेवटचे १० पावसाचा पहिला महिना गेल्यावर, अशी वांटणी आम्हांस योग्य वाटते. दुसऱ्या हप्त्याच्या वेळीं स्वतः शिडीवर चढून प्रत्येक पट्टी हातानें हलवून पाहावी. झांकल्यानंतर ती पुन्हां दिसणार नाहीं. प्रत्येक रकमेची पावती तारखेसह घ्यावी. बँकेमार्फत रक्कम दिली तर तीच पावती. येथें ठेकेदाराची बाजूही लक्षांत घेतली पाहिजे. त्याचे मजूर दर आठवड्यास पैसे मागतात. ठरलेला हप्ता वेळेवर न देणारा मालक चांगल्या कारागिरास गमावतो, व असे मालकही कांहीं थोडे नाहींत.

काम चालू असतां सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर कोणासही थेट पाय देऊं देऊं नये. आडवी फळी टाकावी. असे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात व त्यांची धूळ फुफ्फुसांस घातक असते, म्हणून ते कापूं किंवा फोडूं नयेत, भिजवून अखंड उतरवावे.

वाडींतील आठ दहा घरांनीं किंवा आपल्या संघाच्या शाखेनें एकत्र येऊन एकाच ठेकेदाराशीं करार केल्यास फार फायदा होतो. सामान एकदम घेतल्यानें दर उतरतो, ठेकेदारास दोन महिन्यांचें काम एके ठिकाणीं मिळतें, आणि एका घरीं केलेली हयगय बाकीच्या नऊ घरांची रक्कम अडवूं शकते हें तो जाणून असतो. ज्या कारागिरांचीं छप्परें वादळांत टिकलीं त्यांच्या नांवांची यादी प्रत्येक शाखेनें ठेवावी, व तींत कोणत्या सालीं कोणाचें घर केलें हेंही लिहावें.

इतकें करूनही काम बिघडलें व ठेकेदार दाद देईना, तर प्रथम लेखी पत्र पोंचपावतीसह पाठवावें. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणें तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास फी पडत नाहीं. करार, पावत्या व छायाचित्रें जोडावीं लागतात. तीं नसलीं तर आयोगापुढेंही हात रिकामेच.

नवें छप्पर झालें तरी दरवर्षीं वैशाखांत एकदां वर चढून सैल बोल्ट आवळावे, फुटलेलें वायसर बदलावें, तारेस गंज आला असल्यास ती नवी बांधावी, आणि घरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्या. ज्या ठेकेदारानें काम केलें त्यासच या पाहणीस अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन बोलवावें. त्याला आपलें काम ठाऊक असतें, आणि तो येतो कीं नाहीं हेंही आपणांस कळतें.